मदत हवी आहे: संघातला सगळ्यात ताकदवान बॅटर, पण त्याला वॉक मिळेनात

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मी खेळाचा शिक्षक आहे, १७ वर्षांखालच्या मुलांचा बेसबॉलचा संघ सांभाळतो. महिनाभरावर विभागीय स्पर्धा आल्यात आणि एका प्रश्नात अडकलोय.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. त्याने स्ट्राइक झोनच्या (बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्याच्या) बाहेर टाकलेला चेंडू बॅटरने सोडला की तो 'बॉल' धरतात. झोनमधला सोडला किंवा बॅट फिरवून चुकला की 'स्ट्राइक', अशा तीन झाल्या की आऊट, तो स्ट्राइकआऊट. चार बॉल झाले की बॅटर न मारता पहिल्या बेसवर जातो, तो वॉक. झोनची रुंदी होम प्लेटएवढी (बॅटरजवळ जमिनीवर असते ती पाटी), १७ इंच. क्रिकेटमध्ये बाहेरचा चेंडू सोडून विकेट वाचते, फार तर वाइडची एक धाव मिळते, इथे सोडण्याची कमाई मोठी होते.

आमच्या चौथ्या नंबरच्या पोराची मनगटं शेतात राबून तयार झालेली. बॅटवर नीट बसला तर चेंडू मैदानापलीकडच्या बाभळीत जातो. पहिल्या नंबरला येणारं लेकरू अगदी बारीक, त्याचा फटका इनफिल्डच्या (बेसच्या आसपासच्या आतल्या भागाच्या) पुढे क्वचित जातो. मला वाटायचं, मोठ्या पोराला सगळे भिऊन लांब टाकणार, म्हणजे वॉक त्यालाच जास्त मिळणार. वही काढून बघितली तर उलटंच. मागच्या ६ सामन्यांत मोठ्याला १ वॉक, बारक्याला ९.

पिचर भितात हे मात्र खरं आहे. गेल्या सामन्यात ३ बॉल, १ स्ट्राइक असा काउंट होता. कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) सरळ उठून बाहेरच्या बाजूला जाऊन बसला. चेंडू पलीकडच्या बॅटर बॉक्सच्या रेषेवर पडला, फक्की उडाली, आणि आमच्या पोराने गुडघा टेकून बॅट फिरवली. सोडला असता तर आयता बेस होता. पुढच्या चेंडूवर तसाच आऊट झाला. नंतर विचारलं तर म्हणाला, "सर, आला की मारावंच वाटतंय. सोडला तर पोरं म्हणतात, भ्यालास."

अमेरिकेच्या मेजर लीगमधल्या मोठ्या खेळाडूंचे आकडे बघितले, त्याने गोंधळ अजून वाढला. बॅरी बाँड्सला २००४ साली २३२ वॉक मिळाले, त्यातले १२० मुद्दाम दिलेले. पण साल्वाडोर पेरेझने २०२१ मध्ये ४८ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा मैदानापार फटका) मारले आणि वॉक फक्त २८. आणि जुन्या काळातला एडी योस्ट, ज्याला 'वॉकिंग मॅन'च म्हणायचे, त्याचे कारकिर्दीत होमरन १३९ आणि वॉक १६१४.

मग ताकदीने वॉक वाढतात की नाही? आणि 'सोड, सोड' म्हणून मी त्याच्या मागे लागलो तर त्याची मारण्याची धमकच जाईल, ही खरी भीती आहे. ती गेली तर आमच्या संघात काय राहिलं?

प्रतिसाद १ (नांदेड)

सर, पाचव्या नंबरला कोण येतं ते आधी सांगा. मागचा बॅटर कच्चा असला की पिचरला चौथ्याला नीट टाकायची गरजच उरत नाही. सामना अटीतटीचा असेल तर ते त्याला मुद्दाम बेस देऊन पाचव्याला धरतील.

प्रतिसाद २ (छत्रपती संभाजीनगर)

मी विद्यापीठाकडून खेळलोय, कॅचर होतो, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगतो. समोर ताकदवान बॅटर आला की मी ग्लोव्ह झोनच्या कडेला, नाहीतर कडेबाहेर धरायचो. कारण मधोमध चुकलेला एक चेंडू म्हणजे थेट होमरन. तुमच्या बारक्याने मधला चेंडू मारला तरी फार तर एक बेस, म्हणून त्याला पिचर बिनधास्त झोनमध्ये टाकू शकतो. तरी त्याला ९ वॉक मिळाले, कारण शाळेच्या पातळीवर पिचरचा स्वतःचाच नेम नसतो आणि ते लेकरू निमूटपणे उभं राहतं.

म्हणजे ताकदीमुळे बाहेरचे चेंडू जास्त येतात. पण ते सोडले तरच त्यांचे बॉल होतात. व्लादिमीर गरेरोचं बघा (थोरला, आता खेळतो तो त्याचा मुलगा). ४४९ होमरन, एकूण वॉक ७३७ आणि त्यातले २५० मुद्दाम दिलेले. दिसेल त्या चेंडूवर बॅट फिरवायचा. बाँड्सचं तुम्ही लिहिलंत, पण त्याच २००४ मध्ये तो स्ट्राइकआऊट फक्त ४१ वेळा झाला, तेही सांगा पोराला.

सॅमी सोसाची गोष्ट तुमच्या भीतीवर लागू पडेल. १९९७ मध्ये ३६ होमरन, ४५ वॉक. २००१ मध्ये ६४ होमरन, ११६ वॉक. म्हणजे वॉक वाढले म्हणून फटका आटला असं झालं नाही. चेंडू सोडल्याने काउंट २-० किंवा ३-१ (आधी बॉल, मग स्ट्राइक) होतो, मग पिचरला झोनमध्ये यावंच लागतं आणि मारायचा चेंडू तिथे मिळतो.

म्हणून त्याला 'सोड' म्हणू नका. 'तुझा चेंडू येऊ दे' म्हणा. दोन बांबू रोवून गुडघ्याच्या आणि छातीच्या उंचीवर सुतळी ताणा, झोन डोळ्यांना दिसू द्या. आधी आठ दिवस नुसतं उभं करा, बॅट खांद्यावर, प्रत्येक चेंडूला मोठ्याने 'बॉल' की 'स्ट्राइक' म्हणायला लावा. मग काही टेनिस बॉलना एक रंग, काहींना दुसरा लावून एकाच रंगाच्या चेंडूवर मारायला सांगा.

मूळ धागाकर्ता

दादा, मनापासून आभार. पाचव्या नंबरला आमचा कॅचर येतो, बरा मारतो, त्यामुळे क्रम तसाच ठेवतोय.

सुतळी आज संध्याकाळीच बांधली. पहिल्या वीस चेंडूंत पोराने बाहेरचे सात 'स्ट्राइक' म्हणून सांगितले. म्हणजे त्याला मोह होतो एवढंच नाही, बाहेरची कड त्याला नीट दिसतच नाही. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, इतके दिवस मी त्याला उगाच रागावत होतो. शेवटच्या वीसात चुका तीनवर आल्या. बारक्याला शेजारी उभं केलं होतं, तो हळूच बरोबर उत्तर सांगायचा.

आता एकच अडचण आहे. आमच्याकडे डावखुरा पिचर नाही आणि विभागात दोन संघांकडे आहेत. परभणी, जिंतूर, सेलू भागात कुणी डाव्या हाताने पिचिंग करणारं असेल, तर रविवारी सकाळी तासभर येऊ शकेल का? येण्याजाण्याचा खर्च मी देईन.