मदत हवी आहे : गणपतीतल्या रक्तदान शिबिराआधी रक्तपेढीला काय काय विचारावं?

नमस्कार मंडळी. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत गणपतीत रक्तदान शिबिर घेतोय आणि यंदा जबाबदारी माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी आलेल्या रक्तपेढीच्या लोकांनी घाई केली. फॉर्मवरचे प्रश्न न विचारताच टिक केले, हिमोग्लोबिन काहींचंच तपासलं. शेजारच्या काकूंची मुलगी उपाशीपोटी आली होती, रक्त देऊन उठली आणि जिन्यात चक्कर येऊन पडली. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, दोन रक्तदानांत पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर, एवढं मला ठाऊक आहे. टॅटू काढल्यावर वर्षभर थांबायचं, हेही. अडतंय ते पुढे. बीपीची गोळी रोज घेणारे, पण बीपी आटोक्यात असलेले बरेच काका उत्साहाने नावं देतात. त्यांना तिथल्या डॉक्टरांनी तपासून ठरवू द्यायचं, की आधीच नाही म्हणायचं?

दुसरं, सुई आणि पिशवी प्रत्येकासाठी नवी, सीलबंद आहे हे आपण उभं राहून बघितलं तर त्यांना राग येतो का? मला तरी तो आपला हक्कच वाटतो. आणि ८० जण येणार असतील तर किती खाटा मागाव्यात? रक्त दिल्यावर माणसाला आडवं ठेवायला, चहा-बिस्किटं द्यायला जागा हवीच.

ज्यांनी पुण्यात शिबिरं घेतली आहेत किंवा जे रक्तपेढीत काम करतात, त्यांनी कृपया लिहा. पुढच्या आठवड्यात रक्तपेढीशी बोलायचं आहे.