मदत हवी आहे: नवा टेबल सॉ बसवताना ग्रीस, ब्लेडची लाइन आणि मागचं पातं

नमस्कार मंडळी,

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात १० इंची ब्लेडचा टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडचं लाकूड कापायचं मशीन, आलं आहे. ते दादा आणि दोन शिकाऊ मुलं चालवणार. मुलं विशीतली, हात भरभर चालवणारी. म्हणून पहिली फळी कापण्याआधी इथे विचारून घेते आहे. मशीनचा प्लग अजून लावलेला नाही.

बिडाच्या टेबलावर कंपनीने गंज लागू नये म्हणून जाड चिकट थर दिला आहे. तो कशाने काढावा? एकाने पेट्रोल सुचवलं, पण शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चालतं, त्यामुळे मला ते अजिबात पटलं नाही. शिवाय खाडी जवळ आणि पावसाळा तोंडावर. थर निघाला की उघडं बीड आठवड्यात तांबूस होईल, ही भीती आहे.

त्याहून मोठी काळजी वेगळी आहे. जोडणी करायला आलेल्या माणसाने ब्लेडवरचं झाकण आणि ब्लेडच्या मागचं उभं पातं, म्हणजे रायव्हिंग नाइफ, बसवलंच नाही. "कामात मधे येतं, कोणी लावत नाही," म्हणाला. दादालाही तेच वाटतं. त्याला काय सांगू?

प्रतिसाद

ताई, आधी पात्याचं. लाकूड चिरताना त्याच्यातला ताण मोकळा होतो आणि काप मागून मिटायला लागतो. ब्लेडचे मागचे दात खालून वर येत असतात. लाकूड त्यांच्यावर आवळलं गेलं किंवा फेन्सकडून (लाकूड टेकवून सरकवायची बाजूची पट्टी) तिरकं होऊन त्यांना टेकलं, की ते उचललं जाऊन थेट चालवणाऱ्याच्या अंगावर फेकलं जातं. यालाच किकबॅक म्हणतात. त्या झटक्यात हातही ब्लेडकडे ओढला जाऊ शकतो. हे पातं काप उघडा ठेवतं आणि लाकूड मागच्या दातांवर जाऊ देत नाही. ते ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि कापाच्या रुंदीपेक्षा पातळ हवं, ब्लेडच्या अगदी सरळ रेषेत. दादांना सांगा, पातं आणि झाकण लागल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही.

थरासाठी रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन आणि सुती चिंध्या. शटर पूर्ण उघडं ठेवा, शेजारचं वेल्डिंग बंद असेल तेव्हाच करा, विडी-सिगारेट नाही. जाड थर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, लोखंडी पट्टीने चरे पडतात. चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, बाहेर पसरून वाळवा. टेबल कोरडं झालं की लगेच मेणाचं पॉलिश घासून लावा. त्यात सिलिकॉन नको, ते लाकडाला लागलं तर पुढे पॉलिश धरत नाही. पावसाळ्यात मेणाचा हात वरचेवर द्या आणि टेबलावर चहाचे ग्लास ठेवू देऊ नका.

धागाकर्ती

खूप आभार. खालच्या गिअरलाही ग्रीस आहे, ते राहू द्यावं का? आणि ब्लेड सरळ आहे हे कसं तपासायचं?

प्रतिसाद

गिअरवरचं ओलं ग्रीस भुसा धरून ठेवतं आणि ब्लेड वर-खाली करायचं चाक जड फिरायला लागतं. पुसून तिथे कोरडं वंगण किंवा मेण लावा. मात्र मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं असेल तर ते आधी.

ब्लेडसाठी प्लग काढलेलाच ठेवा. ब्लेड पूर्ण वर घ्या, एका दातावर खडूची खूण करा. तो दात पुढे आणून माइटर गेजच्या (आडव्या कापासाठी लाकूड धरून सरकवायचा भाग) टेबलावरच्या खाचेपासूनचं अंतर मोजा, मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे नेऊन पुन्हा मोजा. दोन्ही अंतरं सारखी हवीत. दात बदलला तर ब्लेडचा बाक मोजमापात शिरतो. नंतर फेन्सही त्याच खाचेला समांतर करा. तिचं मागचं टोक ब्लेडकडे झुकता कामा नये. गुण्या लावून ब्लेड टेबलाशी काटकोनात आहे का तेही बघा.

प्लग अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावा. मुलांना गॉगल आणि मास्क द्या. हातमोजे अजिबात नकोत, दातात अडकले तर हात आत ओढतात. ब्लेडच्या रेषेत उभं राहायचं नाही, आणि अरुंद तुकडा ढकलायला पुश स्टिक. ती प्लायच्या उरलेल्या तुकड्यातून आजच बनवा, मशीन सुरू करण्याआधी.