अडीच लाख उत्पन्नाच्या घरातल्या मुलाने अर्धी फी कुठून भरायची?

धागाकर्ता, प्रतापनगर, नागपूर:
8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या इडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. उत्पन्नाची अट एवढीच, घरचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. निर्णय चांगलाच आहे. पण त्यांच्या सख्ख्या भावांना अजून 50 टक्केच सवलत आहे. गोंदियाकडे दोन एकर धान करणाऱ्याचा मुलगा आणि महिना 65 हजार पगारवाल्याचा मुलगा, दोघांचा हिशेब सारखाच. ही काय गरज पाहणं झालं? अडीच लाखांच्या आतल्या मुलांनाही पूर्ण माफी द्या, वर टप्प्याटप्प्यानं कमी करा.

पालक, नंदनवन:
दादा, मला हे अजिबात पटत नाही. मी नोकरदार, फॉर्म 16 मध्ये माझी पै न पै दिसते. चांगलं चालतं दुकान असलेला माणूस मात्र लाखाच्या उत्पन्नाचा दाखला आणतो. अडीच लाखांची मर्यादा ठेवली की दाखलेही 2 लाख 40 हजारांचे निघू लागतील. खरा गरजू तिथेच राहील आणि माझ्यासारख्याची आहे ती सवलतही जाईल.

धागाकर्ता:
खोटे दाखले आजही निघतातच ना? मग दाखला देताना सातबारा, जीएसटी, घरची गाडी ताडून पाहा. चोराच्या भीतीनं गरिबाला का अडवायचं?

शिक्षिका, हुडकेश्वर:
टप्पे आले की पहिली कात्री मुलींच्या माफीला लागेल, म्हणून माझा विरोध. बारावीच्या वर्गात दरवर्षी बघते, पाच-सहा लाख कमावणाऱ्या घरातही एकाचीच फी झेपणार असेल तर ती मुलाची भरतात. मुलगी सीईटीत भावापेक्षा पुढे असली तरी "घराजवळच्या कॉलेजात बीए कर" हेच ऐकते. घरात पैसा असणं आणि तो मुलीवर खर्च होणं, यात फार अंतर आहे.

धागाकर्ता:
ताई, मुलींच्या माफीला हातही लावू नये. मी मुलांसाठी वाढवून मागतोय.

विद्यार्थी, हिंगणा रोड:
तुम्ही सगळे फी-फीच काऊन करून राहिले? सवलत फक्त कॅप राउंडच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीच्या ॲडमिशनला. त्यातही विकास शुल्क आपल्यालाच भरावं लागते. खोली, मेस, बसभाडं वेगळंच. नियमानं कॉलेजनं सवलतीची रक्कम आधी मागायची नाही, पण आमच्याकडे पूर्ण फी भरून घेतली, "महाडीबीटीचे (सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे आले की परत देऊ" म्हणे. बाबानं सोसायटीचं पीककर्ज तिकडं वळवलं, खताला उधारी केली. अल्पभूधारकांच्या पोरांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, पण मेसवाला दर महिन्याला पैसे मागते, भत्ता काही दर महिन्याला येत नाही.

पालक, नंदनवन:
भाऊ, तुझ्या बाबतीत झालं ते चूकच. तंत्रशिक्षण संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात लेखी तक्रार दे, पावती जोड. पैसा वेळेवर यावा यावर माझंही दुमत नाही. पण टप्प्यांना माझा विरोध कायम आहे, आधी दाखला खरा करा.