१० किमी ५८ मिनिटांवर अडकलंय, ५५च्या आत कसं आणू?

पळपुटी

नमस्कार मंडळी. वय ४१, हौशी धावपटू. आठवड्यातून तीन दिवस पळते: मंगळवारी आणि गुरुवारी सहा-सहा किमी, रविवारी दहा. पेस (एका किमीला लागणारा वेळ) तिन्ही दिवस ६:०५च्या आसपास.

सुरुवातीला वेळ आपोआप उतरत गेली. ७० मिनिटांवरून ६५, मग ६०, मग ५९. आता ५८ला जे ठाण मांडलंय ते हलायला तयार नाही. मागच्या स्पर्धेत ५८:१२ लागले. किमीवार स्प्लिट असे: ५:१४, ५:२२, ५:३१, ५:४०, ५:४७, ५:५८, ६:०६, ६:१४, ६:१६, ६:०४. शेवटच्या किमीत जीव तोडून पळाले, तरी ६:०४!

पदकबिदक नको. फक्त अंतिम रेषेवरच्या घड्याळात ५४ने सुरू होणारा आकडा बघायचाय. ओढूनताणून चौथा दिवस काढता येईल, पाचवा अशक्य. इंटर्व्हल करू? बूट बदलू? वजन दोन-तीन किलो कमी करू? कुठून सुरुवात करावी तेच कळेना.

तुफानमेल

यात विचार कसला करायचाय? इंटर्व्हल! वेगात पळायचं असेल तर वेगात पळायचीच सवय हवी. आठवड्यातून दोनदा ४०० मीटर गुणिले १२, मध्ये एक मिनिट विश्रांती. एमिल झाटोपेक हेच करायचा, एकेका दिवशी २० वेळा, पुढे तर ४० वेळा ४०० मीटर. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,०००, १०,००० आणि मॅरेथॉन, तिन्ही सुवर्ण. मॅरेथॉन तर आयुष्यात पहिल्यांदाच पळत होता. अजून काय पुरावा पाहिजे?

मंदाक्रांता

तुफानमेल, तीन दिवसांतले दोन दिवस इंटर्व्हल? महिन्याभरात धागाकर्ती दुखापतींच्या धाग्यावर दिसेल.

पळपुटी, उलट करा. हळू पळा. स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल खेळाडूंचे सराव तपासले, तेव्हा त्यांची साधारण ८० टक्के सत्रं अगदी सावकाश असतात असं दिसलं. २२० वजा वय म्हणजे तुमची कमाल हृदयगती १७९. त्याच्या ७० टक्के म्हणजे १२५च्या वर ठोके जाऊ देऊ नका. सुरुवातीला चिडचिड होईल, पण धीर धरा.

आणि एक बाईमाणूस म्हणून सांगते, पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो. मग सराव कितीही करा, पाय जडच राहतात.

दमसास

मी आधी स्प्लिट वाचले, प्रश्न नंतर. अंतिम रेषेवर स्टॉपवॉच घेऊन उभं राहण्यात उमेद गेली, त्यामुळे ही खोड लागलीय.

पहिले पाच किमी २७:३४. पुढचे पाच ३०:३८. म्हणजे अर्धी शर्यत तुम्ही ५५ मिनिटांच्या हिशेबाने पळालात आणि उरलेली अर्धी ६१च्या. पहिला किमी तर ५:१४, त्या वेगाने दहा किमी ५२:२०त होतात! हे तुम्हाला झेपणार नव्हतं आणि ते पायांनी सहाव्या किमीपासून सांगायला सुरुवात केली.

याचं कारण सरळ आहे. जेमतेम तासभर टिकवता येईल असा प्रत्येकाचा एक वेग असतो. त्याच्या वर गेलं की लॅक्टेट (जोरात पळताना स्नायूंत तयार होणारा पदार्थ) जितकं तयार होतं तितकं वापरलं जात नाही, साचत जातं, आणि त्याच्यासोबत स्नायूंमधले बाकीचे बिघाडही. तुमची शर्यतच तासाभराची, म्हणून तुमचा तो वेग ५:५०च्या आगेमागे धरायला हरकत नाही. पहिल्या किमीत पाय ताजे, गर्दी, ढोलताशे, पुढच्याच्या पाठीमागे जायची ओढ. उचल केल्याचं तेव्हा जाणवत नाही. पहिल्या दोन किमीत मिळवलेलं एक मिनिट शेवटच्या चारात व्याजासकट जातं. तेव्हा तुमच्या तीन मिनिटांतलं पहिलं मिनिट सरावाशिवाय मिळण्यासारखं आहे.

आता सराव. झाटोपेकचं नाव आलं की मला आर्थर लिडियार्ड आठवतो. न्यूझीलंडचा हा प्रशिक्षक पीटर स्नेलला आठवड्याला १६० किमी पळवायचा. स्नेल पळायचा काय, तर ८०० मीटर! दोन मिनिटांच्या आत संपणारी शर्यत. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळालं. पाया रुंद नसेल तर वेग कशावर उभा करणार? झाटोपेकच्याही ४०० मीटरच्या फेऱ्या मोजताना मधलं जॉगिंग मोजायला लोक विसरतात. एका दिवसात तो जेवढं अंतर कापायचा, तेवढं तुमचं आठवड्याचंही होत नाही.

मंदाक्रांता म्हणतात ते तत्त्वतः बरोबर, पण ते ८०-२० आठवड्याला दहा-बारा सत्रं करणाऱ्यांचं आहे. तीन दिवसांचे २० टक्के कसे काढणार? शुक्रवारी अर्धा तास? तीन-चार दिवस पळणाऱ्याला एक दिवस जोराचा आणि बाकीचे खरोखर हळू, एवढा हिशेब पुरतो. तुमचा खरा घोटाळा वेगळाच आहे. तुम्ही सराव करता ६:०५ने आणि शर्यत पळता सरासरी ५:४९ने. फरक सोळा सेकंदांचा! म्हणजे दर मंगळवारी, गुरुवारी, रविवारी अर्धीमुर्धी शर्यतच. ना धड हळू, ना धड जोरात. दमायला होतं, पण त्यातून ना अंतर वाढवायला ताकद उरते, ना वेग वाढवायला.

तो चौथा दिवस काढाच. तुमच्याकडे सगळ्यात मोठा ऐवज तोच आहे. त्या दिवशी पाच किमी, पावणेसात ते सव्वासातच्या पेसने. गुरुवारचे सहाही तसेच. रविवार दर दोन-तीन आठवड्यांनी एकेक किमी वाढवत चौदापर्यंत न्या, तोही हळूच. जोर फक्त मंगळवारी: दोन किमी जॉग करून मग आठ-आठ मिनिटांचे तीन टप्पे ५:४५ ते ५:५०ने, मध्ये दोन मिनिटं जॉग. एक आठवडा हे, तर पुढच्या आठवड्यात ८०० मीटर सहा वेळा, प्रत्येक ४:२०मध्ये, मध्ये अडीच मिनिटं रमतगमत. सहावा ८०० पहिल्यापेक्षा हळू आला तर पहिला चुकला असं समजा. गुरुवारच्या शेवटी वीस-वीस सेकंदांच्या चार-पाच स्ट्राइड्स मारा. स्ट्राइड म्हणजे मोकळं, सैल, वेगात, स्प्रिंट नव्हे. अडीच-तीन महिने एवढंच.

बुटांबद्दल म्हणाल तर कार्बन प्लेटवाल्यांचा थोडा फायदा होतो, नाकारत नाही. पण तीन मिनिटं स्प्लिटमध्ये सांडलेली दिसत असताना वाकून बुटांकडे कशाला बघायचं? वजनाचं आत्ता डोक्यातच घेऊ नका. अंतर वाढवत असताना खाणं कमी करणं म्हणजे दुखापतीला आवतण.

पळपुटी

काका, स्प्लिट असे कोणी उलगडून दाखवले नव्हते. धन्यवाद!

पण हळू पळायचा प्रयोग काल केला आणि अक्षरशः रडकुंडीला आले. मंदाक्रांताताईंचा १२५चा आकडा धरला तर मला चालावंच लागतं. सातच्या पेसला ठोके १४० दाखवतात. शिवाय इतक्या हळू पळताना पाय घासतात, अंगाला लय सापडत नाही. कुठेतरी वाचलं होतं की कॅडन्स (मिनिटाला पडणारी पावलं) १८० हवा. माझा १६२वर आला. मग हे चुकीचं पळणं नाही का?

दमसास

१२५ विसरा. २२० वजा वय हा अनेकांची सरासरी काढून केलेला ढोबळ हिशेब आहे. एकेका माणसाची खरी कमाल हृदयगती त्याहून दहा-बारा ठोके इकडे किंवा तिकडे सहज निघते, काहींची त्याहूनही जास्त. स्पर्धेच्या शेवटच्या किमीत तुमच्या घड्याळाने १८८ वगैरे दाखवलंय का ते बघा. तसं असेल तर १७९ला अर्थच उरला नाही. त्यापेक्षा बोलून बघा. पूर्ण वाक्य धाप न लागता बोलता आलं तर पेस बरोबर. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर जोरात. यंत्र नको, पट्टा नको.

१८०चा आकडा जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकाचा. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्याने धावपटूंची पावलं मोजली, तेव्हा जवळपास सगळे १८०च्या वर होते. पण ते ऑलिंपिकची शर्यत पळत होते! वेग कमी झाला की पावलंही थोडी कमी होतातच. सातच्या पेसला १६२ म्हणजे काही पाप नाही. पाय घासत असतील तर पावलं आणखी आखूड टाका, इतकंच.

लोक ओव्हरटेक करतील. करू देत.

पोटरीवाला

दमसास काकांच्या वेळापत्रकाला +१. फक्त एक पुरवणी, कारण मी या वाटेने जाऊन आलोय.

अंतर वाढवताना दम फार लवकर साथ देतो. हाडं आणि कंडरा मागून, रेंगाळत येतात. त्यामुळे चौथ्या-पाचव्या आठवड्यात एकदम भारी वाटायला लागतं आणि नेमकं तेव्हाच माणूस एका रविवारी चार किमी वाढवून बसतो. दर चौथ्या आठवड्यात अंतर थोडं कमी करा.

नडगी दुखायला लागली तर बोटाने दाबून बघा. दुखणं लांबलचक पट्ट्यात पसरलेलं असेल तर अंतर कमी करून, हळू पळून बहुधा आटोक्यात येतं. पण हाडावर एकाच ठिकाणी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं त्या दिवसापासून बंद आणि डॉक्टर. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने हाडाला गेलेली बारीक चीर, हे अंगावर काढायचं दुखणं नाही.

आणि पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा उचलणं, आठवड्यातून दोनदा. गुडघा सरळ ठेवून एकदा, वाकवून एकदा. वाकवल्यावर पोटरीच्या आतल्या स्नायूवर भार येतो, आणि पळताना सगळ्यात जास्त राबतो तोच. कंटाळवाणं आहे, पण करा.

पळपुटी

धागा वर काढतेय. मध्ये बरेच आठवडे गेले. चौथा दिवस जमवला, रविवार १३वर आलाय. गंमत म्हणजे सातच्या पेसला आता ठोके १३२-१३३ असतात आणि पाय घासत नाहीत. पोटऱ्या बऱ्या आहेत, टाचा उचलणं कंटाळवाणंच आहे. फेरिटिन तपासलं, कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. मंदाक्रांताताई, तुमचे आभार.

काल ट्रॅकवर एकटीनेच ५ किमी जोर लावून पळाले: २६:३०. तीन आठवड्यांनी स्पर्धा आहे. जमेल का ५५? आणि पहिला किमी किती ठेवू?

दमसास

पीटर रीगेलचं एक जुनं सूत्र आहे. अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट न होता २.०८५ पट होते. २६:३०चे ५५:१५ होतात. ५५ला २६:२३ लागले असते. म्हणजे सात सेकंदांची उधारी, तीही एकटीने पळताना. शर्यतीत सोबत असते, ते सात सेकंद तिथे निघतील. हवा दमट नसेल तर. दमट असेल तर घाम वाळत नाही, अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं आणि पायांच्या वाट्याला कमी येतं. त्या दिवशी ५५चा हट्ट सोडून द्यायचा.

शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर निम्म्याच्या आसपास आणा, पण मंगळवारचा जोर ठेवा, फक्त टप्पे कमी करा.

पहिला किमी ५:३५. त्याच्या आत नाही! बाजूने शंभर जण जातील. दुसऱ्यापासून ५:३०. सातव्यानंतर जे उरलं असेल ते वापरा.

आता घड्याळ. मोजलेल्या दहा किमीला तुमचं घड्याळ बहुतेक वेळा १०.१ किंवा १०.१५ दाखवणार, कारण वळणावर आपण बाहेरून जातो आणि जीपीएसही थोडं भरकटतं. घड्याळात सरासरी ५:३० दिसली आणि अंतर १०.१५ निघालं, तर वेळ लागते ५५:४९. तिथे रडणारी माणसं मी पाहिली आहेत. म्हणून ऑटो लॅप (घड्याळाने दर किमीची वेळ आपोआप नोंदवणं) बंद करा आणि रस्त्यावरची किमीची पाटी आली की बटण स्वतः दाबा. पाच किमीच्या पाटीला २७:३५ ते २७:४० दिसले की बरोबर चाललंय. वळण आलं की आतली कड धरा.

तुफानमेल

काका, या धाग्यावर सगळ्यांनी मला झोडपलंय, तरी विचारतो. ५ किमी २४:४०, १० किमी मात्र ५४च्या खाली येत नाही. इंटर्व्हल आठवड्यातून दोनदा चालूच आहेत. आता ते तीनदा करू का?

दमसास

२४:४०वर १० किमी ५१:२६ निघायला हवेत. तुमचा वेग आहे, दम नाही. इंटर्व्हल एकदाच करा. रविवारी सर्वांत जास्त किती पळता?

तुफानमेल

सात.