पहिला गेम लहानच असावा का?

सोंगटी :
व्हिडिओ गेम तयार करायला शिकू पाहणाऱ्यांचे मनसुबे ऐकले की एक गोष्ट वारंवार जाणवते. बहुतेकांना पहिल्याच प्रयत्नात हजारो खेळाडू एकाच वेळी वावरतील असे विस्तीर्ण जग उभारायचे असते, मात्र त्यासाठी लागणारे सर्व्हर, फसवेगिरी रोखण्याची व्यवस्था आणि सततची देखभाल यांचा त्यांच्या आराखड्यात उल्लेखही नसतो. माझ्या मते पहिला गेम एका पडद्यात मावेल एवढाच असावा, आणि तो विकला जाईल ही आशा बाळगू नये. १९७२ साली ॲलन अल्कॉर्न अटारी या व्हिडिओ गेम कंपनीत रुजू झाले, तेव्हा हात बसावा म्हणून कंपनीचे सहसंस्थापक नोलन बुशनेल यांनी त्यांना टेबल टेनिससारखा अगदी साधा खेळ करायला दिला. तोच पुढे ‘पाँग’ म्हणून गाजला. गाजण्याचा भाग सोडून द्या, सरावाच्या कामाचा आवाका पाहा : दोन फळ्या, एक चेंडू आणि गुण. एवढ्यातही चेंडू फळीच्या कडेला लागला तर कोणत्या कोनात उसळावा आणि त्याचा वेग केव्हा वाढावा, हे कुणाला तरी ठरवावे लागतेच.

अर्धविराम :
आपला सल्ला शिस्तीचा आहे, पण ज्या ओढीने माणूस शिकायला बसतो तीच त्यात मारली जाते. फळी आणि चेंडू यांसाठी रात्री जागणारा नवशिका मी तरी पाहिलेला नाही. एरिक बॅरोन यांनी ‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीजीवनावरच्या गेमची चित्रे, संगीत, संवाद आणि प्रोग्रॅमिंग असे सगळे एकट्याने केले, जुनी चित्रे पसंत पडेनात म्हणून पुन्हा काढली, आणि चार वर्षांहून अधिक काळानंतर २०१६ मध्ये तो गेम प्रकाशित झाला. मोठे काम हीच त्यांची शाळा होती.

सोंगटी :
बॅरोन यांच्याकडे संगणकशास्त्राची पदवी होती आणि त्या काळात ते अर्धवेळ नोकरीही करत होते. शिवाय हातचे काम वर्षानुवर्षे अर्धवट टाकून गेलेल्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे यशस्वी माणसाकडे बोट दाखवून नवशिक्याला धीर देणे मला तरी धोक्याचे वाटते.

कोरा पडदा :
आपण दोघेही आकारावरच अडलात. नवशिक्याचा खरा अपेक्षाभंग होतो तो आपला गेम प्रथमच दुसऱ्याच्या हाती देताना. कर्त्याला स्वच्छ दिसणारा दरवाजा खेळणाऱ्याला दिसतच नाही, आणि पाठीशी उभे राहून ‘तिकडे जा’ असे सांगण्याचा मोह आवरत नाही. (तो आवरावाच, गेमसोबत कर्ता प्रत्येकाच्या घरी जाणार नसतो.) उडीचेच घ्या. गेममधल्या पात्राचा कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाच्या छोट्याशा अंशापर्यंत उडी मान्य करण्याची सवलत अनेक गेममध्ये ठेवलेली असते. खेळणाऱ्याला ती कळत नाही. नसली तर मात्र ‘मी बटण दाबले होते’ अशी तक्रार येते. अशा बारकाव्यांना, मेनू, आवाज आणि प्रगती साठवण्याच्या सोयीला किती वेळ लागेल, याचा अंदाज पहिल्या खेपेस जवळजवळ हमखास चुकतो. नोकरीचा विचार असेल तर आणखी एक जाणून असावे : मोठ्या कंपनीत डिझायनरला स्वतःची कल्पना साकारायला क्वचितच मिळते. त्याचा बराच दिवस इतरांनी ठरवलेल्या जगातले टप्पे रचण्यात आणि शत्रूची ताकद, शस्त्रांनी होणारे नुकसान वगैरे आकड्यांचे तक्ते जुळवण्यात जातो.

सोंगटी :
कोरा पडदा यांचे म्हणणे माझ्याच बाजूचे आहे असे मी धरतो. लहान गेम लवकर दुसऱ्याच्या हाती देता येतो. ‘सेलेस्ट’ या गाजलेल्या गेमची पहिली आवृत्तीही २०१५ मध्ये चार दिवसांत केलेली चिमुकली होती, आणि पूर्ण गेम २०१८ मध्ये आला.

अर्धविराम :
‘सेलेस्ट’च्या मागे असलेल्या मॅडी थॉर्सन तेव्हा नवशिक्या नव्हत्या, त्यांचा ‘टॉवरफॉल’ हा गेम २०१३ मध्येच आला होता. तरीही एवढे मान्य करतो की मोठ्या कल्पनेतला एखादाच टप्पा आधी पूर्ण करून अनोळखी माणसाला खेळायला द्यावा. परंतु तो टप्पा नवशिक्याच्या स्वतःच्या कल्पनेतला असावा; सरावासाठी दुसऱ्याचा जुना खेळ उतरवून काढायला सांगणे मला अजूनही पटत नाही.