मामा 'जय जय महाराष्ट्र'ला रडला आणि मी 'हातिक्वा'ला. हे उलटं कसं झालं?

टेंभीनाका

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. विषय घरगुती आहे, पण घरात विचारायला आता फारसं कोणी उरलं नाही, म्हणून इथे.

आम्ही बेने इस्राएल. माहीत नसेल त्यांच्यासाठी: कोकणातले मराठी ज्यू. रायगडातल्या गावांवरून आडनावं पडलेली. पेणकर, रोहेकर, चेऊलकर अशी. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात नाव 'शनिवार तेली'. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि त्यातून वाचलेल्यांचे आम्ही वंशज, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. माझा जन्म ठाण्याचा, नोकरी ठाण्याची, प्रार्थनेला टेंभी नाक्याचं १८७९ सालचं सिनेगॉग. आजी त्याला सरळ 'मशीद' म्हणायची. आमच्यातली जुनी माणसं तसंच म्हणायची, त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही.

माझा सख्खा मामा १९६३ साली इस्राएलला गेला. तेव्हा बावीस वर्षांचा होता, परळच्या गिरणीत नोकरीला. तिकडे त्याला दिमोना गाव मिळालं, नेगेवच्या वाळवंटात. काम काय, तर पुन्हा कापडगिरणीच. तो अजून म्हणतो, "एवढा समुद्र ओलांडून गेलो आणि सायबानं परत लूमवरच उभा केला."

२०२३ च्या एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा त्याच्याकडे गेले. २६ एप्रिलला त्यांच्या स्वातंत्र्याला ७५ वर्षं झाली. आदल्या रात्री टीव्हीवर सोहळा चालू होता. मामी दुसऱ्या दिवसासाठी वाल सोलत बसली होती, मी पोळ्या लाटत होते. राष्ट्रगीत लागलं, 'हातिक्वा'. म्हणजे आशा. मी कणकेच्या हाताने उभी राहिले. मामा म्हणाला, "बस गं, टीव्हीपुढे उभं राहायचं नसतं." मी बसले नाही, कारण बसले असते तर हुंदका फुटला असता. तसा तो फुटलाच. मामी बघतच राहिली. मामा मात्र शांतपणे वालाची सालं गोळा करत होता.

पाच दिवसांनी १ मे. तिकडच्या आपल्या लोकांनी महाराष्ट्र दिन ठेवला होता, समाजाच्या हॉलमध्ये. बायका नऊवारीत, समोर वडे. आधी 'हातिक्वा' झालं, मग 'जन गण मन'. मामा दोन्हींना नीट ताठ उभा. मग कोणीतरी मोबाइलवरून शाहीर साबळ्यांचं 'जय जय महाराष्ट्र माझा' लावलं. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीपासून ते राज्यगीत झालं होतं, त्याचं सगळ्यांना केवढं कौतुक. पहिली डफाची थाप पडली आणि माझा ८२ वर्षांचा मामा, ज्याला मी आजोबांच्या जाण्यावरही रडताना पाहिलं नव्हतं (तेव्हा तो येऊच शकला नव्हता म्हणा), तो खुर्चीची पाठ धरून रडला. त्याची नात सुट्टीवर आली होती, सैन्याच्या गणवेशात. तिने हिब्रूत विचारलं, "सबा (आजोबा), काय झालं?" मामा मराठीत म्हणाला, "काही नाही गं, धूळ." तिला 'धूळ' कळलं नाही.

तर प्रश्न असा. जो साठ वर्षं तिकडे राहिला, ज्याने त्या देशाचं मीठ खाल्लं, तो इकडच्या गाण्याला रडतो. जी कधी ठाणं सोडून राहिली नाही, ती तिकडच्या गाण्याला रडते. तुमच्या कोणाच्या घरात असं झालंय का? आणि गाणं नक्की कोणाचं असतं?

(तिकडच्या आजच्या राजकारणावर इथे वाद नको, प्लीज. त्यासाठी दुसरे धागे आहेत.)

---

कोमल_गंधार

मी गाणं शिकवतो, म्हणून सुरांपुरतं बोलतो. 'हातिक्वा' पेटीवर वाजवून बघा: सा रे ग म प प, ध प ध सां प. गंधार आणि धैवत दोन्ही कोमल. आपल्याकडे हे स्वर आसावरी थाटात बसतील. बहुतेक राष्ट्रगीतं छाती काढून चालतात, ही चाल पायरी पायरीने वर चढते आणि पंचमावर येऊन थबकते. उंबऱ्यात उभं राहिल्यासारखी. डोळ्यात पाणी यायला शब्द कळायची गरज नाही.

दुसरी गंमत म्हणजे ही चाल स्वतःच परदेशी. शब्द नफ्ताली हर्झ इंबर या पूर्व युरोपातल्या गालिशियाच्या कवीचे, १८७०च्या दशकातले. चाल बसवली सॅम्युएल कोहेन नावाच्या स्थलांतरिताने, मोल्दाव्हियाकडच्या एका लोकगीतावरून. बैलगाडीचं गाणं होतं म्हणे ते. चेक संगीतकार स्मेतानाच्या 'मोल्दाऊ' या रचनेत याच कुळातली चाल सापडते. म्हणजे राष्ट्रगीताआधी सूर स्थलांतर करून आले. 'जय जय महाराष्ट्र' बद्दल वेगळं काय सांगू? राजा बढ्यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि साबळ्यांचा पहाडी आवाज. त्याला रडायला मात्र मुंबईत वाढलेलं असावं लागतं, असं माझं मत.

---

स्पष्टवक्ता

राग मानू नका, पण मला हे पटत नाही. राष्ट्रगीत माणसाला एकच असतं. तुम्ही भारतात जन्मलात, इथे कमावता, मग दुसऱ्या देशाच्या गीताला रडायचं कशाला? अमेरिकेत गेलेले आपले लोकही असंच करतात, दोन्ही डगरींवर हात.

---

टेंभीनाका

@स्पष्टवक्ता, राग नाही. हा प्रश्न आम्हाला शाळेपासून विचारतात. व्हाइस अॅडमिरल बेंजामिन सॅमसन आमच्यातलेच होते, भारताच्या आरमारात. त्यांना कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. आणि रडण्यावर माझा ताबा असता तर मी कणकेच्या हातांनी नाक पुसलं नसतं.

---

घाण्याचा_बैल

मी अलिबागजवळचा, जातीने आगरी. आमच्या आळीत दोन घरं शनिवार तेल्यांची होती, माझ्या आज्याच्या वेळेला. आजी सांगायची, त्यांच्याकडे मलिद्याला बोलावणं असायचं. पोहे, गूळ, खोबरं, केळी, आणि एलिया नबीचं, म्हणजे त्यांच्या प्रेषिताचं नाव. एक घर साठच्या सुमारास इस्राएलला गेलं. जाताना त्यांनी घाण्याचं लाकूड आमच्याकडे ठेवलं, "आलो की घेऊ" म्हणून. ते अजून मागल्या पडवीत आहे. बाबांनी दोनदा विकायला काढलं आणि दोनदा परत आत ठेवलं.

गाण्याचं मला कळत नाही. पण ते जर आज आले आणि लाकूड बघून रडले, तर त्यांना तुझा देश कोणता असं विचारायचं आम्हाला तरी सुचणार नाही.

---

ससेक्सकर

मी पंचवीस वर्षं इंग्लंडमध्ये आहे, ब्राइटनपासून अर्ध्या तासावर. ब्राइटनच्या किनाऱ्यावर १९०९ साली सावरकरांनी 'सागरा, प्राण तळमळला' लिहिलं. धिंग्रांची फाशी नुकतीच झालेली. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना तो गोट्यांचा किनारा दाखवायला नेतो (वाळू नाहीच, मुलं हिरमुसतात). पहिली काही वर्षं तिथे मंगेशकर भावंडांचं गाणं ऐकून मीही गळा भरून घ्यायचो. हल्ली नाही होत. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांना परत जाता येत नव्हतं, तुमच्याकडे तर रिटर्न तिकीट असतं." त्यानंतर मी ते गाणं तिच्यासमोर लावत नाही.

एक योगायोग: 'हातिक्वा'चा कवी इंबरही १९०९ मध्येच वारला, न्यूयॉर्कला. ज्या भूमीबद्दल लिहिलं तिथे काही वर्षं राहून तो परत निघून गेला होता. त्याला जेरुसलेममध्ये जागा मिळाली ती १९५३ साली, अस्थी नेल्या तेव्हा. देशाचं गाणं लिहिणारे बरेचदा देशाबाहेरच असतात. घरात बसून कोण लिहितंय? घरात माणूस पाणी आलं का ते बघतो.

टेंभीनाका, एक विचारू? तुम्ही 'हातिक्वा' पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकलंत?

---

लोदचा_मोशे

शालोम. माझं मराठी घरात शिकलेलं आहे, चूकभूल घ्या. जन्म इस्राएलमधल्या लोदचा. आईबाबा बेने इस्राएल, मुंबईहून आले. आमच्या घरी 'मायबोली' यायचं, इस्राएलमध्ये निघणारं मराठी त्रैमासिक. आई वाचायची, मी चित्रं बघायचो.

मला 'हातिक्वा'ला काही होत नाही. शाळेत म्हटलं, सैन्यात म्हटलं. पण आईची एक तक्रार होती, ती सांगतो. गाण्यात आहे की डोळा पूर्वेकडे बघतो, सियोनकडे, म्हणजे जेरुसलेमकडे. पोलंड-रशियातून बघणाऱ्याला पूर्व. आई म्हणायची, "आमचे आजे-पणजे तर पश्चिमेला तोंड करून दुआ मागायचे. कोकणातून जेरुसलेम पश्चिमेला. या गाण्यात आपण पाठमोरे आहोत." ती ही ओळ म्हणायची नाही, ओठ मिटून उभी राहायची. १९६२ नंतर इस्राएलच्या धर्मगुरूंनी आमच्या लोकांच्या लग्नावर शंका घेतल्या, किती पिढ्यांचे पुरावे मागितले. १९६४ मध्ये लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं, मग पार्लमेंटने सांगितलं की हे पूर्ण ज्यू आहेत. आई त्या धरण्यात होती, मोठ्या भावाला कडेवर घेऊन. तेव्हा सगळे काय गायले? हातिक्वाच. ती ओळ सोडून गायली का, ते मी कधी विचारलं नाही.

मला एक विचारायचं आहे. 'जय जय महाराष्ट्र'मध्ये 'भीमथडीच्या तट्टांना' म्हणजे काय? मी लहानपणापासून 'तट्टा' म्हणजे थट्टा समजतो.

---

घाण्याचा_बैल

@मोशे, तट्टू म्हणजे छोट्या चणीचा घोडा. भीमथडी म्हणजे भीमा नदीचा काठ, पुण्याच्या बाजूचा. तिथली तट्टं दमदार, मराठ्यांच्या फौजेतली. त्यांना यमुनेचं पाणी पाजा, म्हणजे दिल्लीपर्यंत धडक मारा. थट्टा नाही. आणि कधी आलास तर लाकूड बघायला ये.

---

टेंभीनाका

@ससेक्सकर, तुमचा प्रश्न तीन दिवस डोक्यात होता.

आजोबांच्या तोंडून. आईचे वडील, म्हणजे मामाचे. ते स्वतः कधी गेले नाहीत. दोनदा कागद केले, दोनदा आजीने नाही म्हटलं. ठाण्याच्या आमच्या गॅलरीला पश्चिमेचं तोंड होतं (मोशे, तुमच्या आईंचं अगदी खरं). संध्याकाळी ते तिथे वेताच्या खुर्चीत बसायचे, निळं हवाई पत्र आलं का म्हणून खाली पोस्टमनकडे लक्ष, आणि नाकातल्या नाकात 'हातिक्वा'. उच्चार सगळे मराठी. 'होमिया'चं ते 'होमीया' करायचे, आमच्या गल्लीतल्या होमिओपॅथी दवाखान्यासारखं, आणि आम्ही पोरं हसायचो. मला कित्येक वर्षं वाटायचं की ते पत्राची वाट बघायचं गाणं आहे. कोणत्या देशाचं आहे हे खूप उशिरा कळलं.

काल रात्री मामाला फोन केला. आधी घाण्याच्या लाकडाचं सांगितलं. लगेच म्हणाला, "शिसवी की सागवानी, विचार त्याला." (@घाण्याचा_बैल, उत्तर द्या, नाहीतर तो रोज फोन करेल.) मग मोशेच्या आईची पूर्व-पश्चिम सांगितली, त्यावर खूप हसला. मग 'जय जय महाराष्ट्र'चं विचारलं. म्हणाला, साठ साली महाराष्ट्र झाला तेव्हा गिरणीत जेवणाच्या सुट्टीत पोरं डब्याच्या झाकणावर ताल धरून ते गायची. एकदा बाबा त्याचा विसरलेला डबा घेऊन गिरणीच्या गेटवर आले, आणि आत न येता तिथेच उभे राहून ते गाणं संपेपर्यंत ऐकत राहिले. डबा हातात तसाच. मामाला हॉलमध्ये नेमकं तेच दिसलं.

मी म्हटलं, आणि मला गॅलरीतले आजोबा दिसले, 'हातिक्वा' म्हणणारे.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाला, "बाबा हातिक्वा म्हणायचे? कधीपासून? मी होतो तोवर तर त्यांना येत नव्हतं."