तिरामिसूसोबत कुठली वाइन? शनिवारच्या आत सांगा!

नमस्कार मंडळी,

आम्ही वर्षभर वेरोनात आहोत. शनिवारी खालच्या मजल्यावरचे इटालियन आजी-आजोबा जेवायला येतायत. जेवण आपलंच, वरण-भातापासून सगळं. पण शेवटी गोड म्हणून मी तिरामिसू (कॉफीत भिजवलेली बिस्किटं आणि मस्कारपोने नावाच्या मऊ चीजचं क्रीम) करणार आहे. (हो, वेनेतोच्या, म्हणजे वेरोनाच्याच प्रांतातल्या, आजींना वेनेतोचाच पदार्थ करून घालायचा. हौस!)

अडलंय ते वाइनपाशी. मागे घरच्यापुरतं केलं तेव्हा उरलेली आमारोने (इथली बिनगोड लाल वाइन) सोबत घेतली. एरवी काय सुरेख लागते! पण मस्कारपोनेचा घास खाऊन घोट घेतला आणि तोंड कडूजहर. कॉफी, वरचा कोको, त्यात वाइनचा तुरटपणा.

आता दुकानदार म्हणतो रेचोतो ही गोड वाइन घ्या. ऑफिसातली सिसिलीची मैत्रीण म्हणते, मार्साला (त्यांच्याकडची कडक वाइन) सोडून दुसरं काही नाहीच. नवऱ्याला मोस्कातो दास्ती ही हलकी गोड वाइन हवी, कारण त्यात अल्कोहोल जेमतेम ५ टक्के आणि आजोबांना जिना उतरायचाय.

शिवाय, क्रीममध्ये मार्साला घातली तर ग्लासातही तीच चालेल का? की अति होईल?

प्रतिसाद १
दुकानदाराचं ऐका. आमारोने आणि रेचोतो सख्ख्या बहिणी. दोघींची द्राक्षं आधी काही महिने सुकवतात. आमारोनेत जवळजवळ सगळी साखर आंबून संपते, रेचोतोत आंबणं मधेच थांबतं म्हणून गोडी उरते. वाइन पदार्थाइतकी तरी गोड हवीच. जिलबीवर चहा प्यायला की तो कसा फिका लागतो, तसं होतं नाहीतर. किंचित गार करून द्या.

प्रतिसाद २
मार्साला घेतलीच तर लेबलवर 'दोल्चे' (गोड) बघा, 'सेक्को' (बिनगोड) नको. १७-१८ टक्के अल्कोहोल असतं, लहान ग्लास काढा. क्रीममध्ये मात्र घालू नका. तिरामिसूचं गाव मानतात त्या वेनेतोतल्या त्रेविझोच्या जुन्या कृतीत दारू नाही, आजी नाक मुरडतील. मोस्कातो छानच, पण कॉफीपुढे तिचा आवाज निघत नाही. फळांच्या केकला ठेवा.

धागाकर्ती
मनापासून आभार! रेचोतोची अर्धी बाटली आणते, क्रीम बिनदारूचं. मोस्कातोही येणारच आहे, नवऱ्याने फ्रिजमध्ये जागा करून ठेवलीय.